सहीची तालीम

आजवर माती भरपूर खाल्ली, पण ताट भरून, मिटक्या मारत, अशी एकदाच. ऐका.

नव्वद-एक्याण्णवचा सुमार. मी मुंबईत पीएच.डी. अर्धी टाकून सिल्वासाला परत आलो होतो. का टाकली? गाईड. दोन वर्षं त्यांनी माझ्याकडून घरची विजेची बिलं भरून घेतली आणि माझं एक प्रकरण वाचलं नाही. एक दिवस तोंडावर सांगितलं, सर, तुम्हाला विद्यार्थी नको, गडी पाहिजे. आणि निघालो. अथालला सुताच्या कारखान्यात हजेरी लिहायला लागलो. तेव्हा वडीलधाऱ्यांचा आदर वगैरे मला सांगू नका. वय वाढायला अक्कल लागत नाही, नुसतं जिवंत राहावं लागतं.

गावात नोकरी सांभाळून संशोधन करणारे तीन शिक्षक होते. गाईड मुंबईला, ग्रंथालय मुंबईला, इथं कारखाने आणि उकाडा. म्हणून दर रविवारी दुपारी नलिनीताईंच्या सरकारी क्वार्टरमध्ये जमायचं, एकमेकांची प्रकरणं वाचायची आणि फाडायची. नलिनीताई रत्नागिरीकडच्या, माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. मला कशाला बोलावता म्हटलं तर म्हणाल्या, "तू सोडून आलायस. माणूस नेमका कुठं सुटतो ते तुलाच माहीत."

आमचा एक खास प्रकार होता, सहीची तालीम. गाईडसमोर भल्याभल्यांची वाचा बसते. म्हणून एकानं गाईड होऊन खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं सही मागायची. गाईड कायम मी. हा मान मला कुणी दिला नव्हता, मीच घेतला होता.

त्या रविवारी नलिनीताईंचा जीव टांगणीला होता. प्रगती-अहवालावर गाईडची सही महिनाअखेर आली नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात. अहवाल पोस्टानं पाठवून तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

"दूध संपलंय, घेऊन येते," त्या चपला घालत म्हणाल्या. "एक नवीन काका येतील, किलवणीच्या शाळेतले. पन्नाशीत पीएच.डी.ला नाव घातलंय. फार भित्रे आहेत, जरा धीट कर त्यांना."

बाकीचे दोघं अजून उगवले नव्हते. दहा मिनिटांत दार वाजलं. घामानं निथळणारे एक गृहस्थ, खांद्याला झोळी, हातात पाकीट.

"नलिनीबाई इथंच राहतात ना?"

"या काका, तुमचीच वाट बघतोय. विषय कोणता?"

ते जरा गोंधळले. "स्थलांतरित कामगारांची कुटुंबं."

"हा तर नलिनीताईंचा विषय."

"हो, पण मुळात माझ्या डोक्यातला."

"चोर असंच म्हणतो. किती वर्षं झाली यात?"

"एकतीस."

आता सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला कीव आली. पन्नाशीत नाव घातलं असं ताईंना बिचाऱ्यानं लाजेनं खोटं सांगितलं असणार.

"काका, एकतीस वर्षांत सही मिळाली नाही म्हणजे तुम्हाला मागताच येत नाही. उभे राहा. मी गाईड, तुम्ही विद्यार्थी."

"मी?"

"लाजू नका."

ते उभे राहिले. पाकीट पुढं केलं. "हे जरा बघता का?"

"चूक. आल्या आल्या कागद? आधी माझी तब्येत विचारा. बाहेर जा, परत या."

गेले, आले, तब्येत विचारली. मी पाय स्टुलावर टाकले, डोळे मिटले आणि पेन्सिलीनं कान कोरत नलिनीताईंच्या गाईडचा आवाज काढला. ताई त्यांची नक्कल झकास करायच्या, मी ती उचललेली. "हं. यंदा आंबा कसा आहे तुमच्याकडे? आधी पाणी आणा."

त्यांनी माठातलं पाणी आणलं. पुन्हा पाकीट पुढं.

"पुढच्या आठवड्यात बघू."

"असं कोण करतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नलिनीताईंचे गाईड. पक्का बोका आहे."

"अस्सं," म्हणून ते खाली बसले.

"बसा म्हटलं मी?"

ते उठले. तेवढ्यात दारातून नलिनीताईंचा आवाज आला, "सर…"

"सर मी आहे," मी डोळे न उघडता म्हणालो. "ते काका."

दुधाची पिशवी धपकन खाली ठेवल्याचा आवाज आला. डोळे उघडले. ताई माझ्यासमोर उभ्या होत्या.

"गाढवा, हे माझे गाईड."

माझे पाय स्टुलावरून कधी उतरले, कळलं नाही. ताई रडवेल्या झाल्या होत्या. "सर, याला माहीत नव्हतं… माझा अहवाल… तेवढी सही…"

सरांनी पाकीट त्यांच्या हातात दिलं. "वापीला भाचीकडे आलो होतो. म्हटलं पोस्टावर सोडण्यापेक्षा हातीच द्यावा."

आत अहवाल होता. सही, शिक्का, तारीख, सगळं. ताई तिथंच फरशीवर बसल्या.

माझी खुमखुमी मात्र जात नव्हती. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"दोनदा पुढं केला की." सरांनी झोळी खांद्याला लावली. "तुम्ही कुणाकडे करता पीएच.डी.?"

"सोडली. गाईडमुळे."

"सोडायला नको होती," सर म्हणाले. "पाच मिनिटांत मला दोनदा उभं केलंत, पाणी भरायला लावलंत आणि कागद एकदाही वाचला नाहीत. मला एवढं जमायला एकतीस वर्षं लागली."