दिवाळीच्या धुरातला सैनिक

मुलांनो,

रविवारी फोनवर तुम्ही मला त्या सिनेमाचा तुकडा दाखवलात आणि विचारलंत, "आजी, हा मेलेला सैनिक म्हणजे आपले आजोबा ना? ते खरंच असे चालायचे, की नाटक करत होते?" तुमच्या आईनं घाईनं विषय बदलला. एका वाक्यात देण्यासारखं ते उत्तरही नव्हतं. पण ते ठाऊक असलेली आता मी एकटीच आहे, म्हणून क्रमानं लिहिते.

आम्ही तेव्हा या तमिळ शहराच्या तिरुवल्लिकेणी भागात राहत होतो, मंदिराच्या तळ्यापासून निघणाऱ्या एका गल्लीत. आजोबा जन्मापासून तिथलेच. त्यांची मराठी तंजावरकडची, जुनी आणि तमिळच्या चालीवर हेलकावणारी, माझी पुण्याची. भांडण झालं की दोघंही इंग्रजीत शिरायचो, म्हणजे कुणाची मराठी बरोबर हा दुसरा वाद निघत नसे.

निवृत्तीनंतर त्यांना कंपवाताचा आजार जडला. हात थरथरत, पण खरा त्रास पायांचा होता. पावलं लहान झाली, खांदे पुढे आले, आणि दार किंवा अरुंद जागा आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थिजत. अण्णा नगरच्या इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं यावर एक उपाय सांगितला होता. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की असा माणूस रेघ ओलांडायला म्हणून पाऊल उचलतो. मी घरभर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. घरात त्यांचं बरं चाले. रस्त्यावर कोण पट्ट्या चिकटवणार? एकदा ते बसथांब्यापाशी थिजले आणि चार अनोळखी माणसांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून, जवळजवळ उचलून, पलीकडे नेलं. माणसं चांगली होती. पण त्या दिवसापासून आजोबांनी ओट्याखाली पाऊल टाकलं नाही. समुद्र इतका जवळ, तरी संध्याकाळचं फिरणं बंद. मी म्हणायचे, चला, मी आहे. ते म्हणायचे, "तू आहेस गं. पण लोकही आहेत."

वरच्या मजल्यावर एक मुलगी आईबरोबर राहायची. नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात ती जाहिरातींच्या चित्रफितींचे तुकडे जोडायचं काम करी आणि सुट्टीत मित्रांना घेऊन सिनेमा काढत होती. गोष्ट अशी: लढाईत मेलेला एक सैनिक दर दिवाळीला पहाटे आपल्या गल्लीत परत येतो आणि कोयत्यानं एकेकाला कापत सुटतो. पैसा नव्हताच. रक्त मी करून दिलं, हळद आणि चुना कालवून, इथं दृष्ट काढायला लाल पाणी करतात तसं, वर गूळ घालून दाट केलेलं. गुळामुळे मेलेल्या माणसांना मुंग्या चावल्या आणि दोघे मेल्यावरही हलले. शेवटचा प्रसंग दिवाळीच्याच पहाटे घ्यायचा होता, कारण त्या वेळी फटाक्यांचा धूर गल्लीभर असतो आणि तो फुकट मिळतो.

आदल्या दिवशी तिचा सैनिक सणासाठी गावाला निघून गेला. ती रडवेली होऊन खाली आली. आजोबा तेव्हा दिवाणखान्यातून बाहेरच्या ओट्याकडे येत होते. ती बघतच राहिली, मग एकदम मान खाली घातली. मी ते पाहिलं आणि मला ते आवडलं नाही.

"काय बघतेस?" आजोबा म्हणाले. "भूत दिसलं?"

"रागावू नका मामा," ती म्हणाली; इथं वडीलधाऱ्यांना मामाच म्हणतात. "आमच्या भुताला असं चालता येत नव्हतं."

"त्यांचा आजार तुझ्या सिनेमासाठी नाही," मी म्हणाले.

"चाल माझी आहे," आजोबा मला म्हणाले. "मला तरी विचार. इतके दिवस लपवतोय, आज पहिल्यांदा कुणाला तरी ती हवी आहे." मग तिला म्हणाले, "चेहऱ्यावर भरपूर थापशील ना? ओळखायला नको मी."

पहाटे मी त्यांना तेल लावून न्हाऊ घातलं, गोळी वेळेवर दिली, आणि तिच्या मित्रांनी त्यांच्या चेहऱ्यावर कणकेचा लगदा आणि राख थापली. गणवेश ढगळ होता. मी दारापुढं रांगोळी घालायला बसले आणि ते गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले.

तो धूर मला अजून दिसतो. इतका खाली उतरला होता की समोरच्या घरांचे वरचे गज तेवढे दिसत, खाली घर नाहीच. दिव्यांच्या माळा नुसत्याच हवेत टांगलेल्या. शिकेकाई, तीळतेल आणि फटाक्यांची दारू यांचा मिळून एक वास. फटाके कुठं वाजताहेत ते कळत नव्हतं, सगळे जणू पाण्याखाली वाजत होते. त्या पांढऱ्यातून आधी टोपी आली, मग खांदे, मग ते. पाय दिसतच नव्हते. क्षणभर मला वाटलं, हे फार लांबून येताहेत आणि फार वर्षांपासून चालताहेत.

तेवढ्यात कुणीतरी ओट्यावरून हाक मारली, "काय मामा, गंगास्नान झालं का?" दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नानाबद्दल इथं असंच विचारतात.

"झालं, झालं," सैनिक म्हणाला, आणि कोयता हलवला.

म्हणजे सगळ्यांनी ओळखलं होतं. तरी ते चालत राहिले. आमच्या दाराजवळ गल्ली निमुळती होते. तिथं ते थांबले.

कॅमेऱ्यामागची मुलगी खूश झाली. तिला वाटलं, काय झकास थांबलेत. पण मला त्यांच्या टाचा दिसत होत्या. टाचा उचलू पाहत होत्या आणि उचलत नव्हत्या. धूर विरळ होऊ लागला होता. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं. मी ओरडले असते तर कुणीतरी धावत येऊन त्यांचे दंड धरले असते, आणि मग ते पुन्हा कधीही बाहेर पडले नसते.

रांगोळीच्या तांदळाच्या पिठाचा डबा माझ्या हातातच होता. मी उठले, त्यांच्यापुढं गेले, वाकून रस्त्यावर एक आडवी रेघ ओढली. मग एक पाऊल मागे सरून दुसरी. त्यांच्याकडे मी पाहिलं नाही. त्यांचा बूट पहिल्या रेघेपलीकडे पडला. मग दुसऱ्या. मी मागे मागे सरत रेघा ओढत गेले आणि ते त्या ओलांडत आले, दारापर्यंत आणि दारातून आत. ती मुलगी "कट" म्हणायलाही विसरली.

आत खुर्चीत टेकल्यावर ते म्हणाले, "रेघा फार लांब लांब मारल्यास."

"तुमच्या पायांची लांबी बघूनच मारल्या," मी म्हणाले. "आधी तोंड धुवा, मुलं फराळाला येतील."

मी चित्रात शिरले होते, पण तिनं ते काढलं नाही. उलट गोष्टच बदलली. आता सैनिक त्या एका घरात कुणाला मारत नाही. तिच्या ऑफिसच्या भिंतीवर सिनेमा दाखवला तेव्हा कापाकापीला पोरं खदखदून हसली. त्या चालण्याला कुणी हसलं नाही. पुढं इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं, या नटानं ही चाल किती दिवस घोटली असेल? आजोबा ते वाक्य दूधवाल्यालाही वाचून दाखवत.

तर उत्तर असं: चाल खरी होती, आणि तिचं नाटक करायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. त्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा समुद्रावर जाऊ लागलो. पदपथाच्या फरशांचे सांधे मोजून ते पाऊल टाकत. कुठं अडलेच तर मी चपलेनं वाळूत रेघ ओढी, आणि लोक बघत असले तर ते म्हणत, "बघू देत, आपला सिनेमा बघितला असेल." असं दीड-दोन वर्षं चाललं. मग पाय अगदीच गेले, आणि मग ते.

ती गल्ली आता ओळखू येत नाही. आमच्या घराच्या जागी गाड्या ठेवतात. गणवेश भाड्याचा होता, तो परत गेला. फोटोंत आजोबा सगळीकडे बसलेले किंवा उभे आहेत. सिनेमा मात्र आहे. एक प्रत त्या मुलीकडे, एक माझ्या फोनमध्ये. त्यात ते तळ्याकडून आमच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत येतात.