आधी बसायचं, मग मोजायचं

ज्यूंचा तालमूद हा धर्मग्रंथ शिकायला घेतला तेव्हा गावानं मला वेड्यात काढलं. मोलमजुरी करणाऱ्याच्या पोरीनं नर्स व्हावं, पोलीसभरतीला उभं राहावं. परक्या धर्मातल्या सुट्टीचे वाद कशाला वाचावेत? का वाचू नयेत? धर्मांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात मी मुद्दाम तोच विषय निवडला. जामसरला आमच्या घरात व्हिडिओ चालण्याइतकी रेंज नाही, म्हणून तास ऐकायला शिरपामाळाच्या टेकडीवर जायची. तिथं फोटो काढायला आलेले पाहुणे माझ्याकडे टकामका बघायचे. बघोत बापडे.

संध्याकाळी आई नागलीच्या भाकऱ्या थापायची, तेव्हा तिला सगळं सांगायची. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीला, वर्ज्य असलेली कामं एकदा वाचून दाखवली. पेरणी, नांगरणी, कापणी, झोडणी, पाखडणं, दळणं, मळणं, भाजणं... यादी संपेना.

आई म्हणाली, "ह्यो यादी करणारा आपल्या घरी येऊन गेला कं काय?"

आई एका शेठच्या बागेत मोगऱ्याच्या कळ्या खुडायची. रोज पहाटे, अंगात ताप असला तरी. एकदा तिनं सुट्टी मागितली तर शेठ म्हणाला, "बाई, कळी थांबते का कुणासाठी?" ते वाक्य मला आजही चीड आणतं.

मग तो वाद शिकले. एक माणूस रानात वाट चुकला आणि आज वार कोणता तेही विसरला. त्यानं शब्बाथ कधी पाळायचा? एक रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मपंडित, म्हणतो, सहा दिवस मोज आणि सातवा पाळ. दुसरा म्हणतो, आधी एक दिवस पाळ, मग सहा मोज. कारण देवानं जगातला पहिला माणूस घडवला शुक्रवारी, त्याचा पहिला अख्खा दिवस विश्रांतीचाच होता. निकाल पहिल्या रब्बीच्या बाजूनं लागला. पण हरलेल्याचं मत खोडलं नाही, तेही शेजारीच ठेवलं.

आईनं भाकरी उलटली. "हरला त्याचंच बरोबर. आधी बसायचं, मग मोजायचं. मी वीस वर्सं मोजतेय, मना सातवा गावलाच न्हाय."

दुसऱ्या पहाटे ती गेलीच नाही. उजाडल्यावर शेठ मोटरसायकलवर दारात आला. "यायचं नसेल तर कायमची बस घरी!" माझ्या वाचनापायी आईचं काम जाणार होतं. आई उंबऱ्यात पाय पसरून बसलेली.

"बसते," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी शेठ परत आला. नव्या बाईनं मिटलेल्या कळ्यांबरोबर उमललेली फुलंही टोपलीत भरली होती आणि व्यापाऱ्यानं माल परत पाठवला होता. "चल," एवढंच म्हणाला.

आईनं पदर खोचला. "येते. पण आजपासून सहा दिस मोजा, शेठ. सातव्याला मी न्हाय."

"आणि कळ्यांचं काय?"

"त्या थांबत न्हाईत ना? मग तुम्हीच खुडा."