आईचा फॉर्म मी भरला

एरंडोलला माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पीक विमा, अर्धा तालुका माझ्याकडून फॉर्म भरून घेतो. समोरच्याचं नाव सांगून होईपर्यंत माझी बोटं पुढच्या रकान्यात गेलेली असतात. कोणी मध्येच तोंड घातलं की माझं डोकं फिरतं.

आईला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि जळगावच्या दवाखान्यात नर्सबाईंनी आमच्या हातात एक टॅब दिला. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं की औषधं दोन आहेत, गुण दोन्हींचा सारखा, त्रास वेगळा. एकाने केस जातात. दुसऱ्याने केस बहुतेक राहतात, पण बोटं बधिर होतात, आणि ती पूर्ववत होतील याची खात्री नाही. पेशंटला काय चालेल ते टॅबमध्ये भरा, मग औषध ठरवू, असं त्यांचं म्हणणं.

आई शेजारी पदर डोक्यावर घेऊन बसलेली. आमच्या घरात डॉक्टरपुढे मुलगा बोलतो आणि आई मान हलवते, हे ठरलेलंच. मी तिला विचारलंसुद्धा नाही. काय सहन होणार नाही? केस गळणं. निर्णय कोण घेणार? मुलगा. अख्खा फॉर्म मी चार मिनिटांत उडवला. वर नर्सबाईंना ऐकवलं, तुमचं ॲप फार हळू चालतं हो.

पण त्या ॲपची एक खोड होती. भरलेली उत्तरं ते शेवटी मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि खालचं हिरवं बटण पेशंटनेच दाबायचं. मी दाबायला गेलो तर नर्सबाईंनी टॅब माझ्या हातून काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला. टॅबमधली बाई बोलू लागली. माझे केस गळलेले मला चालणार नाहीत. माझे निर्णय माझा मुलगा घेईल. आईने सगळं कान देऊन ऐकलं. तिचं बोट बटणापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

"हाई बठ्ठं मन्हा पोऱ्यानं शे," ती नर्सबाईंना म्हणाली. "मन्हं नही."

माझा पारा चढला. मी म्हणालो, आखाजीच्या सणाला चार बायकांत बोडकं डोकं घेऊन बसणार आहेस का? तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती नर्सबाईंशीच बोलत राहिली. परक्या माणसाशी एवढं बोलताना मी तिला जन्मात पहिल्यांदा ऐकलं. लग्न असो की आखाजी, आजूबाजूच्या गावांतून खापरावरचे मांडे करायला तिलाच बोलावणं येतं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती परातीएवढा करते. कुठे पातळ झालाय, कुठे फाटेल, ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. बोटंच बधिर झाली तर मांडा फाटणार, आणि खापरावर हात भाजला तरी समजायचं नाही. हे सगळं तिने सावकाश सांगितलं.

"केस गयात ते येतीन. हात गयात ते मी काय करसू?"

मला हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? तिचेच मांडे खाऊन मी वाढलो. पण विचारावं असं डोक्यातच आलं नाही. फार लाज वाटली. फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरला. ती सांगत होती आणि मी मुकाट्याने टिचक्या मारत होतो. मग तिने हिरवं बटण असं काही दाबलं की टॅब मांडीवरून घसरला.

केस गेले, पार गेले. गल्लीतल्या बायका बघून गेल्या, दोन दिवस बोलल्या आणि दमल्या. बोटं मात्र शाबूत राहिली. तांदूळही ती पहिल्यासारखेच झपाट्याने निवडायची. पुढे ऑपरेशन झालं, रिपोर्ट चांगले आले, आणि आता फक्त तपासणीला यायचं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यातच बसकण मारली. इतक्या महिन्यांनी छातीवरचा दगड उतरला होता. मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, आणि आई म्हणत होती की ऊठ, लोकांची वाट अडवू नको.

निघताना नर्सबाईंनी टॅब पुन्हा पुढे केला. ॲपमध्ये एक नवा प्रश्न आला होता. पुढे कधी तुम्हाला स्वतःला बोलता आलं नाही, तर तुमच्या मनातलं कोणी सांगावं? मी टॅबला हात लावला नाही. ती माझ्या बहिणीचं नाव घेणार, हे मी धरूनच चाललो होतो. घ्यायलाही हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आईने माझा दंड धरला आणि मला नर्सबाईंपुढे उभं केलं.

"हाऊच सांगी," ती म्हणाली. "आते त्याले मालूम शे."