हाग्योमची आई

ओगिमने ते भांडण ऐकलं ते दाराआडून, नाशपातीच्या फोडींचं ताट हातात धरून.

"आईला आणू नका," हाग्योम बापाला सांगत होता. शाळेत त्याचं गाणं होतं. "तुम्ही या, आत्याला आणा, पण आईला नको. तिच्या अंगाला खारवणाचा वास येतो, बाबा. पोरं नाक धरतात."

"त्याच वासात वाढलास ना, गाढवा!" सोक्चोल ओरडला. "जवळा खारवून खारवून तिच्या बोटांची सालं निघाली, ती काय तिला हौस आहे म्हणून?"

"हळू बोला. तिला ऐकू जाईल."

ऐकू गेलंच होतं. ओगिम तशीच मागे फिरली, मोरीपाशी उभ्याने सगळ्या फोडी खाऊन टाकल्या आणि बाहेर येऊन म्हणाली, "गुडघा दुखतोय गं बाई माझा. तुम्ही बापलेक जा."

तो गुडघा मग जन्मभर दुखला. हाग्योम मोठा होऊन राजधानीत, सोलला गेला, चार पोरांबरोबर त्याचा गाण्याचा संच झाला. 'फेरी फाइव' नाव. पोरं टीव्हीवर नाचायला लागली. इकडे गांगग्योंगला, जिथे ओगिमचं जवळ्याचं दुकान होतं, त्या बाजाराच्या तोंडाशी कमिटीने भला मोठा कापडी फलक लावला, 'गांगग्योंगचा सुपुत्र हाग्योम'. सोक्चोलने तो फलक बघूनच सुखाने डोळे मिटले म्हणायचं. पण ओगिम एकाही कार्यक्रमाला गेली नाही.

"अगं, गुडघे दाखवायला तरी सोलला जा!" शेजारी खायचं शेवाळ विकणारी चिडवायची. 'बोंगने' म्हणत तिला, म्हणजे बोंगच्या घरची. "हाग्योमची आई म्हणून डॉक्टर फुकट बघेल."

त्या बाजारात बाईला तिच्या नावाने कोण हाक मारतंय? पोर झालं की पोराचं नाव. ओगिमला तर स्वतःचं नाव दवाखान्यातच ऐकू यायचं. दर आठवड्याला ती खारवलेल्या जवळ्याचा, मुळ्याच्या किमचीचा, त्या आंबवलेल्या तिखट लोणच्याचा डबा बांधून सोलच्या बसवर द्यायची. पाचही पोरं एकाच घरात राहायची, पाचही खायची. डब्याला प्लास्टिकचे थरावर थर. डबा दिला की वाऱ्याची दिशा बघून ती दोन हात लांब उभी राहायची.

"कुणाकडून?" ड्रायव्हर मुन विचारायचा. माहीत असूनही विचारायचा, कारण उत्तर देताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

"हाग्योमची आई."

मग हाग्योमने दारू पिऊन गाडी चालवली आणि पुलाच्या कठड्यावर घातली. कुणी मेलं नाही, एवढंच. काळा सूट घालून तो टीव्हीवर कमरेत वाकला आणि संचातून बाहेर पडला. इकडे ओगिम बाजारात दुकानोदुकानी जाऊन वाकत सुटली. "माझ्या पोराने मान खाली घालायला लावली. माफ करा."

"माझ्या दुकानावर घातली का त्याने गाडी?" बोंगने ओरडली. "ऊठ आधी! गिऱ्हाईक बघतंय!"

दुसऱ्या दिवशी फलक उतरलेला होता. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण सकाळी समोरच्या मिरचीवाल्याने हाक मारली, "ओ जवळावाल्या बाई, चहा घेता का?" शेवाळवालीनेही दिवसभर नुसतं "अगं" वर भागवलं. पोराचं नाव काढून तिला कशाला लाजवा, म्हणून सगळ्यांनी आपापसात न बोलता ठरवलं होतं. माणसं चांगली होती ना, तेच अवघड. शिवी दिली असती तर उलट देता आली असती.

डबा तिने बंद केला नाही. उरलेल्या चौघांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? पण मुनने विचारलं, तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "जवळ्याच्या दुकानातून." मुनने डबा आत सरकवला.

वसंतात हाग्योम घरी आला. टोपी खाली ओढलेली, तोंडावर मास्क. दुकानामागच्या खोलीत पडदा ओढून जवळ्याला मीठ लावत बसायचा. आणि ओगिमला भूक लागायला लागली. पोराचं वाटोळं झालं आणि आपल्या घशाखाली दोन दोन वाट्या भात उतरतोय, याची तिला इतकी शरम वाटायची, की बोंगनेसमोर ती मुद्दाम अर्धी वाटी टाकून द्यायची.

त्याच उन्हाळ्यात 'फेरी फाइव'च्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम निघाला. इतक्या वर्षांची सगळी गाणी एका पेटीत. नाव पाचाचं आणि वर तोंडं चार. हाग्योमच्या ओळी दुसऱ्या पोरांकडून पुन्हा म्हणवून घेतल्या होत्या.

एका दुपारी दोन मुली दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. पूर्वी अशा कितीतरी यायच्या, पोरांच्या आईबापांची दुकानं बघायला. एकीच्या छातीशी ती पेटी होती.

"काकू," ती अदबीने वाकून म्हणाली, "तुम्ही हाग्योमच्या आई ना?"

पडद्यामागे मिठाचं घमेलं खरखरत होतं. बाहेर मिरचीवाला कान टवकारून बसला होता. ओगिमच्या तोंडून निघून गेलं, "नाही गं. चुकीच्या दुकानात आलात. मी आपली जवळावाली."

घमेल्याचा आवाज थांबला.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. दुसरी म्हणाली, "मग हे इथं ठेवलं तर चालेल का, काकू? कधी त्यांच्या आई भेटल्या, तर द्या." थोडा जवळाही घेतला आणि गेल्या.

ओगिमने पेटी उघडली. आत चौघांच्या फोटोंबरोबर हाग्योमचा जुना फोटो होता. मुलींनीच आणून ठेवलेला, कोपरे मऊ पडलेले.

पडदा सरकला. कोपरापर्यंत मीठ लागलेला हाग्योम उभा होता. "बरं केलंस," तो म्हणाला. "मी पण एकदा बाबांना..."

"ऐकलं होतं मी."

"काय ऐकलंस?"

"नाशपाती आणत होते तुझ्यासाठी."

त्याचे कान लालभडक झाले. ओगिमला वाटलं होतं, हे कधी बोलून टाकलं तर छाती हलकी होईल. कसली हलकी? आपण पोराची त्याच मापाने परतफेड केली, एवढंच तिला कळलं. त्याने तरी दार लावून म्हटलं होतं. आपण भर बाजारात.

ती एप्रनसकट उठली आणि बसथांब्याकडे पळत सुटली.

"अगं, गुडघा!" बोंगने मागून ओरडली.

मुली बाकावर बसल्या होत्या. ओगिम धापा टाकत समोर उभी राहिली, वारा कुठून येतोय ते न बघता. "मी खोटं बोलले. मीच हाग्योमची आई."

"ठाऊक आहे, काकू," पहिली म्हणाली. "कान अगदी त्याच्यासारखेच आहेत तुमचे."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मुलगी बुटाच्या टोकाकडे बघत राहिली. "तुम्हाला नको होतं ना, म्हणून."

कालची पोर, आणि तिने आपली लाज झाकावी! ओगिमला मान वर करता येईना.

"तो जेवतो ना नीट?" दुसरीने विचारलं.

"जेवतो. मी त्याच्याहून जास्त जेवते."

मुली खुदकन हसल्या आणि बस आली.

संध्याकाळी मायलेकांनी दुकानातच अल्बम लावला. हाग्योमच्या जागी दुसरा गात होता, आणि चांगला गात होता, तेच वाईट. हाग्योम ऐकून म्हणाला, "माझ्यापेक्षा सुरात आहे." मग पडदा बाजूला बांधून टाकून त्याने गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक घेतलं. टोपी होतीच. मास्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिरचीवाला "ओ जवळावाल्या बाई" म्हणाला, तर ओगिमने वर पाहिलंच नाही. तिसऱ्या हाकेला त्याला काय ते उमजलं.

ओगिम गेली ती पुढे कितीतरी वर्षांनी, कडाक्याच्या थंडीत, झोपेत. त्याच्या आदल्या आठवड्यात ती त्या चौघांसाठीचा डबा घेऊन थांब्यावर गेली होती. हाग्योम म्हणाला, "दे, मी नेतो." ती म्हणाली, "तू दुकान बघ. किमची घालायचे दिवस आहेत, जवळ्याला गर्दी होईल." मुन केव्हाच निवृत्त झाला होता. नवा ड्रायव्हर तरुण होता, त्याने 'फेरी फाइव' नुसतं ऐकलेलं असेल.

त्याने डबा उचलून आत ठेवला. ओगिम दोन हात लांब सरकली.

"कुणाकडून, आजी?"

"हाग्योमची आई," ती म्हणाली. "सरळ ठेव बाबा. आडवा ठेवलास तर रस गळेल."