क्लासातला र आणि कचेरीतला र

भवानी पेठेतल्या आमच्या मराठी टायपिंगच्या क्लासात अक्षरं सरांच्या मर्जीनं बसली होती, हे मला बापजन्मी कळलं नसतं. सरांचं म्हणणं, र सारखा लागतो, तो अवघड जागी कशाला? म्हणून त्यांनी मिस्त्रीकडून सगळ्या मशिनींतली र आणि ळ, क आणि प यांची अदलाबदल करून घेतलेली. वर कळांना काळा रंग फासलेला, म्हणजे कुणी खाली बघायला नको. परीक्षेलाही क्लासाच्याच मशिनी हातगाडीवरून जायच्या. त्यामुळं कुणाचं कधी अडलं नाही.

अडलं ते माझं. कचेरीत टायपिस्टची जागा निघाली. त्याच आठवड्यात अकलूजचं स्थळ आलं आणि रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. मुलगा वाईट नव्हता हो, पण त्या घरात सुनेनं नोकरी केलेली चालणार नव्हती. बाबांनी स्पष्ट सांगितलं, शनिवारपर्यंत नोकरी पक्की झाली तर मी त्यांना नाही म्हणतो. नाहीतर गुमान पाटावर बसायचं.

गुरुवारी कचेरीतल्या मशिनीवर परीक्षा झाली. मान खाली न घालता मी असं काही बडवलं की शेजारचे कारकून बघत राहिले. कागद ओढून बघते तर ‘सरकार’च्या जागी ‘सळपाळ’! साहेब म्हणाले, मंद्रूप गावाच्या पुढं कानडी लागते, ही भाषा कुठल्या गावची? सगळे हसले. मला असा राग आला म्हणून सांगू! पण रागवायचं कुणावर, तेच समजेना.

पुन्हा बसले. आता कळांवरची अक्षरं दिसत होती आणि तीच नडली. डोळे म्हणायचे इथं, बोटं धावायची तिथं. बोटांचं ऐकावं तर ळ, डोळ्यांचं ऐकावं तर हात जागीच थिजायचा. शेवटी मला माझं नावसुद्धा टाईप करता येईना.

साहेब तोवर पहिलाच कागद निरखत होते. म्हणाले, "बाई, तुमची प्रत्येक चूक एकसारखी आहे. हात तयार आहे, पण दुसऱ्याच मशिनीला." रोज दुपारच्या सुट्टीत इथं येऊन सराव करा, पुढच्या गुरुवारी पुन्हा परीक्षा घेतो, तोवर जागा भरत नाही, असंही म्हणाले. मी मान डोलावली, पण मधे रविवार होता.

तणतणत क्लासात गेले. सरांनी अदलाबदलीची सगळी हकिगत सांगितली आणि वर म्हणाले, चूक कचेरीच्या मशिनीचीच. काय बोलणार, कप्पाळ!

घरी बाबांनी काय झालं विचारलं. पास म्हणावं की नापास, माझं मलाच ठरवता येईना. र, ळ, सर, साहेब, सगळी खिचडी करून सांगितली. बाबांना त्यातलं काही कळलं नाही. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे नोकरी अजून नाही."

"नाही. पण अकलूजला नाही म्हणून कळवा."

"आणि गुरुवारी जमलं नाही तर?"

"तरीही."

बाबा उठून बाहेर गेले. मी रात्री जेवले नाही.

रविवारी आमच्याकडं कुणी आलं नाही. आईनं रोजचाच स्वयंपाक केला.