अप्पांच्या अक्षराचं मशीन

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं दर रविवारी एका जागी बसून काहीतरी बनवायला लागली आणि ते बनेना, की किस्से आपोआप साचतात. आमचं मशीन पहिल्याच महिन्यात नीट चाललं असतं, तर आज मला सांगायला काही उरलं नसतं.

चार माणसं म्हणजे भांड्यांचे व्यापारी शिवलिंगप्पा, ज्यांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे जोशी सर. सोलापूरच्या पूर्व भागातला व्यंकटेश, ज्याच्या घरी चादरीचे माग होते. आणि मी, रेडिओ दुरुस्तीवाला. माझं दुकान अप्पांच्या दुकानाला लागून. तिथे भांड्याला भांडं लागलं की पहिला आवाज मला यायचा.

*

लग्नाच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायचं ते अप्पांकडूनच, असं आमच्याकडे ठरलेलं होतं. नाव कोरायची विजेची करकरणारी लेखणी इतर दुकानांतही होती, पण अप्पांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. वैरागची माणसं एस.टी.नं भांडी घेऊन यायची. भांडी दुसरीकडे घ्यायची आणि नाव फक्त अप्पांकडून घालायचं, असेही महाभाग होते. अप्पा त्यांनाही चहा पाजायचे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. त्याच सुमाराला त्यांच्या सुमंगलाचं लग्न मैंदर्गीला ठरलं. अप्पांनी आम्हा तिघांना दुकानामागच्या खोलीत बोलावलं आणि हात पुढे धरून दाखवला.

"माझ्या बापालाबी हुता ह्यो कंप," ते म्हणाले. "मैंदर्गीत कळलं तर म्हनतील, घराण्यातच हाय. आज बापाला, उद्या पोरीला. लग्न मोडंल की."

लेकीच्या भांड्यांवर दुसऱ्याचं अक्षर दिसलं तर व्याही कारण विचारणार. अप्पांनी स्वतः घालावं, तर हात असा. सर म्हणाले, "मशीन बनवू." सरांना कुठल्याही दुःखावर हेच सुचायचं.

*

बेत असा. अप्पांनी पूर्वी नाव घातलेल्या भांड्यांवरून त्यांचं एकेक अक्षर सर आलेख-कागदावर उतरवणार. चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून विणली जाते. तशाच पुठ्ठ्यांवर व्यंकटेश ती अक्षरं भोकांनी मांडणार. भोक आलं की मोटर एक हिसका पुढे. अशा हिसक्या-हिसक्यानं फिरणाऱ्या मोटरीला स्टेपर म्हणतात. ती मी मुंबईच्या भंगारातून आणली होती. ती भांडं फिरवणार, आणि दुसरी मोटर लेखणी वर-खाली नेणार.

पहिली चाचणी व्यंकटेशच्या मागाच्या शेडमध्ये झाली. दुसरी मोटर अजून मिळाली नव्हती, म्हणून लेखणी सर सांगतील तशी मी हातानं वर-खाली नेत होतो. पुठ्ठे सरकले, मोटर गुणगुणली, लेखणी करकरली. तांब्या काढून बघतो तर पूर्ण नाव एकाच उभ्या रेघेत! तांब्या जागचा हललाच नव्हता. सगळी अक्षरं एकमेकांच्या उरावर बसली होती.

"पुठ्ठा बरोबर हाय," व्यंकटेश म्हणाला.

"मोटरला हिसकेही बरोबर गेलेत," सर म्हणाले.

अप्पांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या हातात घेऊन बघितला. "पोराला दळन आणाय सांगितलं म्हंजी पीठ घरात आलं व्हय? आलं का न्हाय, कुनी बघाय नको?"

ह्यालाच फीडबॅक म्हणतात, हे सरांनी आम्हाला दोन रविवार समजावलं. काकूंनी एका वाक्यात उरकलं होतं, पण त्या कॉलेजात नव्हत्या.

*

बघायला डोळा पाहिजे. रेडिओतल्या जुन्या काचेच्या ट्रान्झिस्टरचा काळा रंग खरवडला की त्याला उजेड कळायला लागतो. एका चकतीला कडेनं भोकं पाडली, चकती मोटरीच्या दांड्यावर बसवली, एका बाजूला बल्ब आणि दुसऱ्या बाजूला माझा खरवडलेला डोळा. जेवढ्या वेळा उजेड दिसेल तेवढे हिसके खरे. शेजारी मोजणारा आकडा.

सकाळी सगळं झकास चाललं. दुपार झाली आणि आकडा भरकटला. शेडच्या पत्र्याला वर एक छिद्र होतं. त्यातून आलेलं ऊन डोळ्यावर पडत होतं, आणि समोरून कुणी गेलं-आलं की हिसका मोजला जात होता.

"बल्ब कशाला लावलाय मग?" अप्पांनी विचारलं. "सोलापुरात उन्हाला काय तोटा हाय का?"

आम्ही पत्र्यावर गोणपाट टाकलं, डोळ्याला काळ्या कागदाची टोपी घातली, आणि खात्री म्हणून दारंही बंद केली. महिना वैशाखाचा. त्या दिवशी मशीन सोडून बाकी सगळे वितळले.

*

पुढच्या रविवारी मशीन बंद ठेवून आम्ही चहाला गेलो. परत येतो तर आकडा पळतोय. मोटर थंड, तांब्या स्थिर, आणि आकडा मात्र हजारांत गेलेला.

झालं होतं असं, की चकती नेमकी भोकाच्या काठावर थांबली होती. शेजारचे माग धडधडत होते. त्या हादऱ्यानं चकती केसभर पुढे, केसभर मागे होत होती, आणि आमचा डोळा प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे मांडत होता.

व्यंकटेशनं आकडा वाचला आणि शांतपणे म्हणाला, "मशीन मैंदर्गीला पोचलं, अप्पा. वरातीच्या आदी."

मग सरांनी दुसरा डोळा बसवला, पहिल्यापासून किंचित सरकवून. एका डोळ्याला नुसतं हललं एवढंच कळतं. पुढे गेलं का मागे आलं, ते दोघांनी मिळून सांगायचं. शिवाय मशीन तिथून हलवून अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत आणलं. व्यंकटेशला जरा वाईट वाटलं. माग त्याचे होते.

*

लेखणी वर-खाली नेण्यासाठी दुसरी स्टेपर मिळाली नाही. मग साधीच मोटर घेऊन तिला सर्व्हो करायचं ठरलं. म्हणजे लेखणी कुठं असायला पाहिजे आणि कुठं आहे, ह्यातला फरक मोटरला सतत सांगत राहायचा; फरक मिटेपर्यंत तिनं फिरायचं. ऐकायला हे फार सोपं वाटतं.

बटण दाबलं. लेखणी सुटली ती तांब्याच्या गळ्यावरून उडी मारून थेट फळीत घुसली. तिला मागे ये म्हणून सांगावं, तर ती आणखी जोरानं पुढे. शेवटी मी वायर उपटली.

दोन तारा उलट लागल्या होत्या. चूक कळवली की मोटर तीच चूक वाढवत होती. सर हे फळ्यावर मांडत होते, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "समजलं. आमचे थोरले मेव्हणे हायत तसले. चुकलासा म्हनलं की त्येच जास्त करतात."

मेव्हणे दुकानातच बसले होते. त्यांनी बाहेरून विचारलं, "कोण चुकलं?" आणि उत्तराची वाट न बघता भांडायलाच आले. तारा सरळ करायला आम्हाला पाच मिनिटं लागली. मेव्हणे लग्नापर्यंत बोलले नाहीत.

*

लग्न महिन्यावर आलं तेव्हा मशीन चाललं. चकती मोटरीवरून काढून भांडं फिरतं त्या दांड्यावरच बसवली, तेव्हा कुठे शेवटची खोट निघाली. मोटर आणि भांडं जोडणारा पट्टा घसरला तर मोटर बिचारी फिरत असते, भांडं मात्र मागे राहतं. मोटरीला विचारून उपयोग नव्हता.

पहिल्या डब्यावर सुमंगलाचं नाव उमटलं. तेच अक्षर, उकाराची तीच शेपटी. अप्पांनी डबा उजेडाकडे धरला. उजेडात डबा हलत होता, म्हणून मी तो माझ्या हातात घेतला. आठवड्यात सगळी भांडी झाली. मागच्या खोलीचं दार अप्पा कुलूप लावून ठेवायचे.

*

आणि एका बाजाराच्या दिवशी, न कळवता, मैंदर्गीचे व्याही दुकानात येऊन उभे राहिले. फेटा, काखेत छत्री, हात उपरण्याखाली. आम्ही तिघे तिथेच होतो. अप्पांनी भांडी दाखवली. व्याह्यांनी प्रत्येक नाव वाचलं, मान डोलावली. मग बरोबर आणलेली पिशवी गड्याकडून उघडवली. आत पितळेचा जुना तांब्या.

"ह्यो आमच्या देवाचा," ते म्हणाले. "ह्याच्यावर पोरीचं नाव घाला. घरात आली की तिचाच."

"द्या, आतून घालून आणतो," सर पुढे झाले.

"आतून कशाला? हितंच घालू द्या. अप्पांचा हात चालताना बघायचाय मला. सगळी बोलत्यात."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी व्यंकटेशकडे. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. अप्पा गादीवर बसले. विजेची लेखणी हातात घेतली, ती सुरू केली आणि तांब्याला टेकवली. पहिलीच रेघ नागमोडी गेली.

"तांब्या डुगडुगतोय," अप्पा म्हणाले. घाम कानामागून उतरत होता.

"धरतो की मी," म्हणत व्याही समोर बसले, आणि उपरण्यातून दोन्ही हात काढून त्यांनी तांब्या धरला.

दुसरी रेघ पहिलीपेक्षा वाईट आली. अप्पांनी लेखणी उचलली, बंद केली आणि खाली ठेवली. तांब्या तसाच हलत होता.

अप्पा व्याह्यांच्या हातांकडे बघत राहिले. व्याही अप्पांच्या.

"कवापासनं?" अप्पांनी हळूच विचारलं.

"थोरल्याच्या लग्नापासनं," व्याही म्हणाले. "त्या टायमालाबी लपवलं हुतं."

अप्पांनी कनवटीची किल्ली काढली. ती कुलपात जाईना, म्हणून काकूंनी दार उघडलं.

"आत चला, व्याही," अप्पा म्हणाले. "तुमाला एक मशीन दावतो."