न आलेल्यांची मंडळी

कंपनीची बस हिंजवडीच्या चौकात अडकली होती, तेव्हा आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन आला. "शालिनीबाई गेल्या. पहाटे, झोपेतच." मी खिडकीबाहेर बघत राहिलो... मनात पहिला विचार आला तो असा, की आता रविवारी कोण आलं नाही, हे कुणाला कळणार?

त्याला दीड महिना झाला. शालिनी साळवे आमच्या मंडळीतल्या जुन्या सभासद. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. उपासना संपली की आम्ही चहाच्या टेबलाकडे वळायचो. बाई दारापाशी उभ्या राहून प्रत्येकाला सलाम करत मनातल्या मनात हजेरी घ्यायच्या आणि दुपारी, न आलेल्यांच्या घरी जायच्या. शेजारपाजारच्यांच्या जखमाही त्याच बांधायच्या. "त्यांना येशूची सुवार्ता सांगता का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी पट्टी बांधते. त्यांनी विचारलं, तर सांगते."

मी चर्चच्या कमिटीवर निवडून आलो, तेव्हा 'मंडळीची वाढ' या विषयावर मोठ्या हौसेने सादरीकरण केलं. खराडीतल्या आयटीच्या तरुणांसाठी इंग्रजी उपासना, पडदा, गिटार, जाहिरात. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "छान आहे. नवे येतील. पण जुने कुठे गेले, तेही बघा. पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर... याला वाढ नाही, वर्दळ म्हणतात."

मला झोंबलं. "कोण गेलंय, सांगा ना!"

"रविवारी चला माझ्याबरोबर."

त्या रविवारी वडगाव शेरीतल्या एका फ्लॅटचं दार अनिताने उघडलं आणि मी चपापलो. तिची नऊ वर्षांची मुलगी रूथ बोलत नाही, मोठमोठ्याने आवाज काढते. वर्षापूर्वी प्रवचन चालू असताना मीच त्यांच्या बाकापाशी जाऊन म्हणालो होतो, "हिला जरा बाहेर नेता का?" मी ते विसरूनही गेलो होतो.

"मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या चर्चला जाता," मी कसंबसं म्हणालो.

"कुठेच जात नाही," अनिता म्हणाली. "तुम्ही हळूच सांगितलंत, वाईट काही बोलला नाहीत. पण आम्ही उठलो तेव्हा सगळे वळून बघत होते. दारापर्यंत मात्र कुणी आलं नाही."

मी माफी मागितली. ती चहा टाकायला आत गेली. बाई तोवर जमिनीवर बसून स्टीलच्या डब्यावर ठेका धरत होत्या आणि रूथ त्यावर गुणगुणत होती.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना पत्र पाठवलं असतंत."

त्यानंतर मीही बाईंबरोबर जाऊ लागलो. तीन महिन्यांनी अनिता रूथला घेऊन आली. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. प्रार्थनेच्या मध्येच रूथ ओरडली, तेव्हा पाळकसाहेब क्षणभर थांबले, "आमेन" म्हणाले आणि पुढे प्रार्थना करू लागले. इंग्रजी उपासनाही सुरू झाली. बाई तिलाही यायच्या. "पडद्यावरची अक्षरं मोठी आहेत, चष्मा लागत नाही," एवढाच त्यांचा अभिप्राय!

परवाच्या रविवारी मी पहिल्यांदा एकटा निघालो. चंदननगरला जाधवकाका राहतात. पक्षाघातानंतर त्यांना चर्चला येववत नाही, आणि ऐकलेलंही फारसं लक्षात राहत नाही. मला बघून हसले, मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहू लागले.

"बाई मागून येतायत का?"

"आज मीच आलोय, काका," मी म्हणालो.

त्यांनी हाताला धरून मला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. दार मात्र उघडंच ठेवलं.